पाण्याला विचारून काढलेली वाट

प्रश्न : माझी नात न्यूझीलंडमध्ये शिकते. मध्यंतरी तिनं मैत्रिणींबरोबर ‘ओल्ड घोस्ट रोड’ नावाच्या डोंगरवाटेवर तीन दिवस सायकल चालवली आणि आम्हाला फोटो पाठवले. नाव ‘रोड’, पण फोटोत बघावं तर जेमतेम दोन-अडीच फुटांची पायवाट! एका अंगाला झाडी, दुसऱ्या अंगाला दरी. 85 किलोमीटर वाट काढायची एवढी यातायात केली, तर ती जरा रुंद का नाही केली? आमच्या वाडीवर येणारा रस्ता चांगला बारा फुटी आहे, पण दर पावसाळ्यात वाहून जातो. नात म्हणते, तिकडेही पाऊस बदाबदा पडतो. मग ही पायवाट कशी टिकते? सायकलींनी ती उखडत नाही का? समोरून कुणी आलं तर काय करायचं? आणि पोरीच्या सायकलीला ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना स्टँड. ही कसली सायकल?
— एक आजोबा, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : आजोबा, पत्र वाचून पहिल्यांदा तुमच्या बारा फुटी रस्त्याकडेच लक्ष गेलं. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न त्या रस्त्यानंच विचारलाय. पण आधी नातीच्या वाटेची ओळख करून घेऊ.

ही भुताची वाट कुठून आली?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्याकडे, बुलर नदीच्या घळीत लायल नावाची जागा आहे. एकोणिसाव्या शतकात तिथं सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली. 1870 च्या दशकात खाणवाल्यांनी डोंगर ओलांडून पलीकडे मोकिहिनुई नदीच्या खोऱ्यात उतरणारा रस्ता काढायला घेतला. काम दोन्ही टोकांकडून सुरू झालं, पण सोनं सरलं, माणसं उठून गेली आणि मधला डोंगर तसाच राहिला. ही दोन टोकं पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं एकमेकांना भेटलीच नाहीत. लायल गावही उठलं. आज तिथं जुनं कबरस्तान आहे. अशा उजाड झालेल्या वस्त्यांना तिकडे ‘घोस्ट टाउन’ म्हणतात. वाटेच्या नावातलं भूत ते एवढंच, तेव्हा नातीची काळजी नको.

या शतकात स्थानिक लोकांनी ही अर्धी राहिलेली वाट पुरी करायचं मनावर घेतलं. 2009 मध्ये न्यूझीलंड सरकारनं देशभर सायकलवाटा उभारायचं ठरवलं, त्यात हिचाही समावेश झाला. सामान हेलिकॉप्टरनं डोंगरावर उतरवलं आणि कितीतरी स्वयंसेवकांनी तिथं घाम गाळला. 2015 च्या अखेरीस वाट पूर्ण खुली झाली. लायलहून निघालं की पहिले 18 किलोमीटर खाणवाल्यांच्या जुन्या गाडीवाटेनं, बीच झाडांच्या जंगलातून संथ चढ आहे. मग झाडोरा संपून उघडा माथा लागतो. पुढे घोस्ट लेक नावाच्या तळ्याजवळच्या मुक्कामानंतर एका ठिकाणी उतार इतका खडा आहे की तिथं लाकडी पायऱ्याच केल्यात. नातीला विचारा, सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरताना काय वाटलं! जिथं टिकाऊ वाट निघत नव्हती तिथं वाट काढणाऱ्यांनी हट्ट केला नाही, हे इथं लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

रुंद का नाही केली?

एक साधं गणित करू. समजा डोंगराचा उतार असा आहे की दोन फूट आडवं आत गेलं की एक फूट चढ. अशा उतारावर दोन फुटी वाट पूर्ण डोंगरात कोरून काढायची, तर आतल्या बाजूला एक फूट उंचीची भिंत तयार होते आणि प्रत्येक फूट लांबीमागे साधारण एक घनफूट माती निघते. म्हणजे दोनेक घमेली.

आता त्याच उतारावर बारा फुटी रस्ता काढा. आतली भिंत सहा फूट होते. आणि माती? रुंदी सहापट झाली म्हणून माती सहापट होत नाही. ती 36 पट होते, कारण रुंदीबरोबर उंचीही वाढते. दोन घमेल्यांची बहात्तर घमेली झाली!

एवढी माती कुणी वाहून नेत नाही. म्हणून सहसा निम्मा रस्ता डोंगरात कोरतात आणि निघालेली माती दरीच्या बाजूला टाकून उरलेला निम्मा भरावावर करतात. भराव म्हणजे पोकळ माती. तुमच्याकडे पहिल्या जोराच्या पावसात रस्त्याची कोणती बाजू खचते, आठवून पाहा. बहुतेक वेळा दरीकडचीच. आणि दरड येते ती आतल्या उंच उघड्या भिंतीवरून. एक फुटाच्या भिंतीवरून दरड कोसळली तरी ती पायानं बाजूला सारता येते.

म्हणून डोंगरातली चांगली पायवाट पूर्ण कोरलेल्या घट्ट जमिनीवर असते, भरावावर नसते. सायकलवाल्यांच्या भाषेत तिला ‘सिंगलट्रॅक’ म्हणतात, म्हणजे एका वेळी एकच जण जाईल अशी वाट. ती अरुंद आहे म्हणून कुदळ-फावड्यानं आणि फार तर छोट्या यंत्रानं होते, झाडं तोडावी लागत नाहीत आणि माथ्यावरचं झाडांचं छत्र मिटलेलंच राहतं. ते छत्रही पावसाचा मारा थोडा झेलतं.

पण पावसात टिकते कशी?

हा खरा गाभ्याचा प्रश्न. त्यासाठी मी कुंडीसाठी आणलेल्या मातीचा गच्चीवर ढीग केला. तो ओला करून थापला आणि चमच्याच्या दांड्यानं त्यावर तीन वाटा कोरल्या. पहिली माथ्यापासून पायथ्याशी थेट उतरणारी. दुसरी उताराला आडवी, अगदी हळूहळू उतरत जाणारी. तिसरीही तशीच आडवी, पण तिच्यात दर चार बोटांवर वाट खाली जाऊन पुन्हा किंचित वर येईल असे खळगे-उंचवटे ठेवले. मग झारीनं माथ्यावर पाणी सोडलं.

पहिल्या वाटेचं दोन मिनिटांत गटार झालं. आजूबाजूचं पाणीसुद्धा तिच्यात शिरलं, माती कापत खाली गेलं आणि पायथ्याशी रेतीचा पंखा पसरला. दुसऱ्या वाटेवर पाणी काही वेळ आडवं चाललं, साठत गेलं आणि एका कच्च्या जागी कड फोडून खाली धावलं. तिथून वाट तुटली. तिसरीवर मात्र प्रत्येक खळग्यात आलेलं थोडंसं पाणी तिथूनच बाहेर सांडलं. पुढच्या उंचवट्यामुळे ते वाटेवरून पुढे जाऊच शकलं नाही. झारी संपली तरी वाट होती तिथंच होती. घरात करून बघण्यासारखा प्रयोग आहे. फक्त गच्ची नंतर स्वतः धुवा.

यामागचं गणित भयंकर आहे. एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश गणिती विल्यम हॉपकिन्स यांनी दाखवलं की वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन दुप्पट किंवा चौपट होत नाही, ते 64 पट होतं. म्हणजे पाणी काल सुपारीएवढा खडा हलवत होतं, ते वेग दुप्पट झाल्यावर चौसष्ट सुपाऱ्यांच्या वजनाचा धोंडा लोटणार. पाण्याला लांब, सरळ उतार मिळाला की त्याचा वेगही वाढतो आणि वाटेत येऊन मिळणारं पाणीही. तेव्हा वाट काढणाऱ्याचं काम एकच : पाण्याला वेग घेऊ द्यायचा नाही.

त्यासाठी तीन युक्त्या करतात.

पहिली, वाट डोंगराच्या कलाला आडवी न्यायची. यासाठी एक सोपा नियम आहे : वाटेचा चढ डोंगराच्या चढाच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगर शंभर फुटांत तीस फूट चढत असेल तर वाट पंधरा फुटांपेक्षा कमीच चढली पाहिजे. आणि एकूण वाटेची सरासरी तर दहाच्या आसपासच ठेवायची. त्याहून जास्त झालं की पाणी वाट ओलांडून जायच्या ऐवजी वाटेनंच चालू लागतं. गंमत म्हणजे या नियमानं सपाटसर जमीन सगळ्यात अवघड ठरते. शंभरात आठ फूट उतार असेल तर वाटेला चारच फूट परवडतात. सोप्या दिसणाऱ्या जागीच वाटांचं गटार होतं ते म्हणून.

दुसरी, वाटेला दरीकडे किंचित कल ठेवायचा, शंभरात पाच. दोन फुटी वाटेला हा कल दोन बोटांएवढा येतो. वरून आलेलं पाणी पातळ पसरून वाटेवरून पलीकडे जातं, जमा होत नाही.

पण माणसं, जनावरं आणि चाकं वाटेचा मध्य दाबत जातात. वर्षा-दोन वर्षांत बाहेरच्या कडेला शेतातल्यासारखा बारीक वरंबा उभा राहतो आणि आतली सरी पाणी धरायला लागते. म्हणून तिसरी युक्ती, तीच माझ्या मातीच्या ढिगावरची : दर वीस ते पन्नास फुटांवर वाट थोडी खाली नेऊन पुन्हा वर घ्यायची. बांधाला सांडवा असतो ना, तसा हा वाटेचा सांडवा. वरंबा झाला तरी पाणी पुढच्या सांडव्यापलीकडे जात नाही.

आणि इथंच तुमच्या नातीचा संबंध येतो. तिला विचारा, सायकल चालवताना सगळ्यात मजा कुठं आली? ती उतार-चढाची लाट सांगेल. खाली झेपावायचं, पोटात गोळा आला न आला तोच पुढचा उंचवटा अलगद वर उचलतो आणि पेडल न मारताच सायकल पुढे जाते. तिला वाटत असेल, हे सायकलवाल्यांच्या करमणुकीसाठी केलंय. ते सगळे पाण्याचे सांडवे आहेत.

आपल्याकडच्या पाणलोटाच्या कामात एक वाक्य घरोघर पोचलंय : पळत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला लावा, थांबलेल्याला मुरवा. वाट काढणारा यातलं पहिलं पाऊल आपल्यासारखंच टाकतो. पुढे मात्र त्याची तऱ्हा निराळी. त्याला पाणी वाटेवर थांबलेलं नको असतं. त्याचं म्हणणं, चालायला लाग आणि माझ्या वाटेवरून ताबडतोब उतर. तुमच्या तालुक्यात कुणी समतल चर खणताना ‘अ’ अक्षरासारखी लाकडी चौकट पावला-पावलानं फिरवली असेल, तर वाट कशी आखतात ते त्यांना सांगायला नको. तिकडे हातात चौकटीऐवजी उतारमापक असतो आणि मागून छोटी निशाणं रोवत जातात, एवढाच फरक.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं का?

तुम्ही विचारलं नाहीत, पण सह्याद्रीतल्या माणसाला उत्तर देताना हे सांगायलाच हवं. घाटावरून कोकणात माल लादून बैल उतरायचे ते नागमोडी वाटांनी. पाठीवर गोणी असलेलं जनावर खडा चढ स्वतःच टाळतं. त्याच्या पायांनी आखलेली वाट आपोआप आडवी होते. आणि नागमोडीला जागाच नसेल तिथं? सातवाहनांच्या काळापासून वाहता असलेल्या नाणेघाटात दगडी फरसबंदी केलेली दिसते. उतार बदलता येत नाही, तर पाण्याला माती लागूच द्यायची नाही, खाली दगड द्यायचा. ओल्ड घोस्ट रोडवरच्या लाकडी पायऱ्या लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते यासाठी. त्या याच विचाराच्या.

सायकलींनी वाट उखडत नाही?

बऱ्याच लोकांना असं वाटतं. 1994 साली अमेरिकेच्या मोंटाना राज्यात जॉन विल्सन आणि जोसेफ सेनी या दोघांनी हे मोजून पाहिलं. डोंगरातल्या वाटांच्या तुकड्यांवरून माणसं, घोडे, सायकली आणि मोटारसायकली नेल्या, कृत्रिम पाऊस पाडला आणि माती किती सुटते ते पाहिलं. पाय आणि टापांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली; ओल्या वाटेवर हा फरक आणखी ठळक होता. टाप जमिनीत रुततानाही माती ढिली करते आणि निघतानाही. चाक लोळत जातं.

पण सायकलवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. चिखलात टापेचा खड्डा पडला तर तिथं डबकं साचतं आणि तिथंच राहतं. चाकाची मात्र सलग रेघ उमटते, आणि सलग रेघ म्हणजे पाण्याला आयती सरी. तसंच उतारावर ब्रेक करकचून मागचं चाक घसरवत नेलं, तर ते लोळत नाही, खरवडतं. म्हणून जाणती माणसं ओल्या चिकणमातीच्या वाटेवर सायकल घालत नाहीत आणि वळण यायच्या आधीच वेग कमी करतात. डबकं लागलं तर त्याला वळसा घालत नाहीत, मधूनच जातात. वळसे घालत गेलं की अरुंद वाट रुंद व्हायला लागते आणि मग पुन्हा तुमच्या रस्त्याची गोष्ट सुरू.

समोरून कुणी आलं तर?

उतरणाऱ्यानं थांबायचं. आपल्याकडेही घाटरस्त्यात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देतात, कारण तेच. चढावर एकदा थांबलं की पुन्हा सायकलवर बसून पेडल मारणं महाकठीण. आणि समोर चालणारा माणूस किंवा घोडा असेल तर सायकलवाल्यानंच बाजूला व्हायचं. घोड्याला आपण माणूस आहोत हे कळावं म्हणून बोलत, आवाज देत उभं राहायचं. हेल्मेट घातलेला, चमकणारा, मुका प्राणी त्याला फार भयानक वाटतो.

आजीला दरीची धास्ती वाटत असेल, तर तिला हेही सांगा. या सायकलीचं हँडल पाऊण मीटरहून रुंद असतं, म्हणजे काही ठिकाणी खालच्या वाटेहून रुंद. तरी सायकल वाटेवर राहते, कारण चालवणाऱ्याची नजर दरीत नसते. शिकवणारे पहिल्याच दिवशी घोकून घेतात : नजर जाईल तिकडे चाक जाईल. दरीकडे बघू नका, दगडाकडे बघू नका, चार-पाच कासरे पुढे वाट जिथं दिसते तिकडे बघा. आणि त्या डोंगरात मोबाइलला जवळपास रेंज नसल्यानं लोक उपग्रहाला संकटाचा संदेश धाडणारं छोटं यंत्र बरोबर ठेवतात.

मडगार्ड नाही, मग सायकल कसली?

या सायकलीची कुळकथा 1976 च्या ऑक्टोबरात सुरू होते. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी 1930-40 च्या सुमाराच्या जाड टायरच्या जड सायकली डोंगरावर नेल्या आणि घड्याळ लावून खाली सोडल्या. साडेतीन किलोमीटरांत सुमारे 400 मीटर उतार. मडगार्डसकट जे जे खडखडायचं ते त्यांनी आधीच काढून टाकलं होतं. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, उलटं पेडल मारलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत तो एवढा तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. ‘पुन्हा भरणे’ यावरूनच त्या उताराचं नाव ‘रीपॅक’ पडलं. 1977 मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझ यांनी अशा उतारासाठी मुद्दाम सांगाडा बनवला. माउंटन बाइकचा जन्म असा तापलेल्या ग्रीसच्या वासात झाला.

आता ब्रेक चकतीचे आहेत, पुढे-मागे धक्के गिळणारी स्प्रिंग किंवा हवेची नळी असते आणि सीट एका खटक्यानं खाली जाते. पण नातीच्या सायकलीचा टायर अंगठ्यानं दाबून बघा, दाबला जाईल. शर्यतीच्या सायकलीत 80 ते 100 पौंड हवा भरतात, हिच्यात वीस-पंचवीस. पंक्चर नाही आजोबा, मुद्दामच! मऊ टायर मुळाला, दगडाला कवेत घेतो. कडक टायर त्यावरून उडतो.

आणि तुमचा रस्ता?

बारा फुटी रस्ता दोन फुटी करा, असं मी सांगणार नाही. वाडीवर गाडी आलीच पाहिजे, दुखणंबाणं असतं. पण एक गोष्ट तुम्हाला स्वतःला करता येईल. वाट काढणारी मंडळी आपलं काम तपासायला भर पावसात बाहेर पडतात, कारण उन्हात वाट फक्त दिसते आणि पावसात बोलते. यंदाच्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री आणि काठी घेऊन रस्त्यावर जा. पाणी रस्त्यावर कुठं चढतं, किती अंतर रस्त्यानं चालतं आणि कुठं कड फोडून उतरतं, त्या तीन जागी दगड रचून खूण करा. पाऊस ओसरल्यावर ग्रामसभेत बोलायचं ते त्या खुणांबद्दल. पाणी चढतं आणि उतरतं यांच्या मधे रस्ता जितका लांब, तितकं नुकसान मोठं. मधे दोन-तीन सांडवे दिले तरी पुष्कळ.

नातीला मात्र एवढंच विचारा, की जिथं सायकल खाली झेपावून वर आली आणि ती आनंदानं ओरडली, त्या खळग्याच्या तळाशी, दरीच्या बाजूला, पाण्यानं आणून टाकलेला पाचोळा होता का? असणार. पुढच्या वेळी तिला त्याचाही फोटो पाठवायला सांगा.